पुण्यातल्या फोनवर आपली खानावळ कुठे दिसते? कोकणातल्या छोट्या धंद्यांसाठी गूगलवरचे स्पर्धक शोधण्याची पद्धत

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी दुपारी फोन वाजला. "काका, मुरुडला पोचलो. जंजिऱ्याच्या जेट्टीपाशी उभे आहोत. तुमचं घर इथून किती लांब?" आत पानं मांडून झाली होती, मोदकांचा शेवटचा घाणा उतरायचा होता. मी त्यांना सांगितलं, तुम्ही रायगड जिल्ह्यातल्या मुरुडात आहात. आमचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं. मध्ये राजपुरीची खाडी, मग बाणकोटची खाडी, म्हणजे किनाऱ्याने यायचं तर दोन फेरीबोटी. त्यांनी नकाशात नुसतं 'मुरुड बीच' टाकून गाडी हाणली होती. बरोबर लहान पोरं. त्यांनी तिथेच खोली घेतली आणि आमच्याकडे एकवीस मोदक उरले.

त्या दिवसापर्यंत मला कुणी विचारलं असतं, तुझे स्पर्धक कोण, तर मी आळीतल्या दोन घरांकडे बोट दाखवलं असतं. संध्याकाळी मोदक वाटायला त्यांच्याचकडे गेलो, तेव्हा कळलं की त्यांच्याही खोल्या रिकाम्या होत्या. मग आमचं गिऱ्हाईक जातं कुठे? हे शोधायला मी जी खटपट केली, तीच इथे क्रमाने लिहितो. तीन खोल्यांचं घर असो, खानावळ असो, डॉल्फिन दाखवणारी बोट असो की भाड्याने स्कूटर देणारा असो, पद्धत तीच. लागतं काय, तर एक स्मार्टफोन, एक शंभर पानी वही आणि पुण्या-मुंबईत राहणारा, आपलं ऐकणारा एक नातेवाईक. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड.

एक गृहीत धरतो: तुमचं गूगलवर बिझनेस प्रोफाइल आहे, म्हणजे शोधात आणि नकाशात दिसणारं तुमच्या धंद्याचं पान. २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत त्याला 'गूगल माय बिझनेस' म्हणायचे, आजही बरेच जण तेच नाव घेतात. ते फुकट असतं. नसेल तर आधी ते काढा, मग इकडे या.

आधी गिऱ्हाइकाचे शब्द

आपण स्वतःला 'घरगुती निवास व भोजन व्यवस्था' म्हणतो. पुण्यात बसलेली मुलगी असं काही टाइप करत नाही. ती टाकते 'दापोली होमस्टे विथ फूड', 'कर्दे बीच स्टे', 'मुरुड बीच व्हेज जेवण'. बहुतेक वेळा इंग्रजी अक्षरांत, आणि स्पेलिंग देवाच्या भरवशावर. म्हणून पहिलं काम शब्द गोळा करायचं, आणि ते स्वतःच्या डोक्यातून गोळा करायचे नाहीत.

सगळ्यांत चांगली खाण म्हणजे तुमचं व्हॉट्सॲप. मागच्या सीझनचे मेसेज वर सरकवत जा आणि नव्या पाहुण्याचा पहिला मेसेज जसाच्या तसा वहीत उतरवा. माझ्या वहीत असे निघाले: "बीच टच आहे का?", "ड्रायव्हरची सोय होईल का?", "जैन जेवण मिळेल का?", "उकडीचे मोदक ऑर्डरप्रमाणे देता का?", "डॉग अलाउड?" शेवटच्या प्रश्नाला मी वर्षभर नुसतं 'नाही' असं उत्तर देत आलो होतो. किती जण विचारतात हे कधी मोजलंच नव्हतं.

दुसरी खाण प्रोफाइलच्या आतच आहे. मालक म्हणून लॉगिन केलंत की परफॉर्मन्सच्या पानावर, लोक काय शोधून तुमच्यापर्यंत आले त्या शब्दांची यादी महिनावार दिसते. आपल्यासारख्या छोट्यांच्या यादीत बऱ्याच शब्दांपुढे नेमका आकडा न येता '१५ पेक्षा कमी' एवढंच येतं. वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला शब्द हवे आहेत, आकडे नंतर.

तिसरी म्हणजे शोधपेटीत 'दापोली' लिहून थांबायचं. खाली गूगल आपणहून जे सुचवतं ते लोक खरोखर शोधतात. मग 'दापोली रा', 'दापोली जे', असं एकेक अक्षर पुढे जायचं.

या सगळ्यांतून सहा-सात शब्दप्रयोग निवडा, जास्त नकोत. त्यात एक मराठीतला असू द्या, एक 'जवळ' किंवा 'नियर मी' असलेला, आणि एक तुमच्या खास वस्तूचा. माझ्यासाठी तो 'दापोली उकडीचे मोदक'.

गावाच्या नावाला जुळं भावंड असेल तर त्याची वेगळी नोंद करा. आमच्याच नावाचं एक मुरुड रायगडात, एक लातूरकडे. खेड रत्नागिरीत आहे आणि पुणे जिल्ह्यातही खेड तालुका आहे. वेंगुर्ल्याकडचं शिरोडा आणि गोव्यातलं शिरोडा, मालवणचं देवबाग आणि कारवारचं देवबाग. आपल्याला आपलं गाव एकच वाटतं. यंत्राला आणि पाहुण्याला तसं वाटत नाही.

आपल्या फोनवर आपण पहिलेच असतो

नव्या माणसाची नव्वद टक्के फसगत इथे होते. घरात बसून 'मुरुड होमस्टे' शोधायचं, आपलं नाव वर बघायचं आणि ढेकर द्यायची. अरे, तुम्ही त्या घरातच बसला आहात! स्थानिक निकाल लावताना गूगल तीन गोष्टी बघतं असं ते स्वतःच सांगतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा मेळ किती, अंतर किती, आणि तुम्ही किती ठाऊक असलेले, म्हणजे नावाजलेले. तुमच्या ओसरीवरून अंतर शून्य येतं, वर तुमचं प्रोफाइल तुम्ही शंभरदा उघडलेलं असतं.

"मग मी इन्कॉग्निटोमध्ये बघतो," असं भाचा म्हणेल, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत. त्याने जुना शोध-इतिहास बाजूला पडतो, जागा लपत नाही. फोन कुठे आहे हे गूगलला तरीही कळतं.

म्हणून बघायचं ते गिऱ्हाईक जिथे असतं तिथून. आपल्याकडे गिऱ्हाईक तीन जागी असतं. पहिलं घरी, पुण्या-मुंबईत, सोफ्यावर. दुसरं वाटेत, म्हणजे आमच्यासाठी ताम्हिणी-माणगावकडून किंवा खेडकडून येताना चहाला थांबलेलं. तिसरं गावातच, पुळणीवर म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, भूक लागलेलं. तिन्ही ठिकाणी निकाल वेगळे येतात, म्हणून स्पर्धकही वेगळे असतात.

घरचं गिऱ्हाईक बघायला तो ऐकणारा नातेवाईक. त्याला सहा शब्द व्हॉट्सॲपवर पाठवा आणि सांगा, गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर एकेक शोध आणि स्क्रीनशॉट पाठव, काहीही उघडू नकोस. गुरुवार यासाठी की शनिवार-रविवारचा बेत तेव्हा ठरतो. माझ्या भाचीने पहिल्या वेळी सगळे स्क्रीनशॉट काढले, पण प्रत्येकात वरचा शोधलेला शब्दच कापला होता. आता मी सांगतो, पूर्ण स्क्रीन, वरपासून खालपर्यंत दोनदा सरकवून तीन चित्रं.

वाटेतलं गिऱ्हाईक तुम्ही स्वतः होऊ शकता. दापोलीला बाजाराला जाता, तिथे एस.टी. स्टँडवर उभे राहून शोधा. खेडला रेल्वे गाठायला जाता, तिथेही. पुळणीवरचं तर दहा मिनिटांचं काम आहे. एकदा दुपारी एक वाजता बघा, एकदा चार वाजता. मॅप्समध्ये 'आता उघडे' अशी गाळणी असते. ती लावली की ज्यांनी वेळ तीनपर्यंत लिहिली आहे ते सगळे चार वाजता गायब. आमच्या पट्ट्यात चार वाजता शाकाहारी जेवण देणारं एकही ठिकाण दिसत नव्हतं. हा शोध मला शेजाऱ्याशी भांडून कधी लागला नसता.

जाता-येता जमत नसेल तर मॅप्स उघडा, नकाशा बोटाने सरकवून पाहिजे त्या गावावर न्या आणि त्या भागात पुन्हा शोधण्याचं बटण दाबा. पुण्यातल्या फोनइतकं ते खरं नसतं, पण काम भागतं. घरात लॅपटॉप आणि संगणक शिकणारं पोर असेल तर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधल्या 'सेन्सर्स' भागात हव्या त्या शहराची जागा भरून शोधता येतं. ते त्याला सांगा, ते त्याला जमतं.

यादी करा, मग ती चाळा

वहीचं पान मी असं आखतो. वर शब्द, जागा, वार, वेळ. खाली ओळीने नावं, जशी दिसली तशी. नेहमीच्या शोधात नकाशाखाली तीन नावं येतात. पूर्वी सात यायची, २०१५ पासून तीन झाली. त्या तिघांत कोण हे महत्त्वाचं, पण 'आणखी ठिकाणे' दाबून पहिली दहा लिहून घ्या. राहायच्या जागा शोधल्या तर तारखा आणि दर असलेली वेगळी मांडणी येते; तिथे दर वेळी त्याच प्रकारच्या तारखा टाका, नाहीतर या आठवड्याच्या आणि दिवाळीच्या दरांची खिचडी होईल. ज्यांचा दर कुठल्याही बुकिंग साइटवर नसतो त्यांच्यापुढे बहुतेक वेळा आकडा दिसत नाही. बघणारा आकडा असलेल्यावर आधी बोट ठेवतो, एवढं लक्षात असू द्या.

आता चाळणी. 'प्रायोजित' लिहिलेलं बाजूला काढा; ती जाहिरात आहे, तिथे पैसा उभा आहे. मेकमायट्रिप, बुकिंग डॉट कॉम, जस्टडायल यांची पानं दुसरीकडे लिहा. ती तुमची स्पर्धक नव्हेत, त्या बाजारपेठा आहेत, आणि तिथे तुमचे खरे स्पर्धक पाट्या लावून बसले आहेत का ते बघायचं. यूट्यूबवाल्यांचे व्हिडिओ आले तर कुठल्या घराचं नाव घेतात ते टिपा. मग राहतात भुतं: बंद पडलेली घरं, एकाच घराची दोन-दोन प्रोफाइलं, मालक बदललेली. कोकणात भुतांना तोटा नाही, प्रोफाइलांनाही नाही.

शेवटी स्विमिंग पूलवालं मोठं रिसॉर्ट राहतं. ते वर आहे म्हणून खंत करू नका. त्याचं गिऱ्हाईक आणि तुमचं गिऱ्हाईक एका पंगतीला बसत नाही. ज्यांच्या खोल्या तुमच्याएवढ्या, दर शे-दोनशे रुपयांनी मागेपुढे, आणि जेवण घरचं, असे तीन निवडा. तेवढे तीन. पंधरा जणांचा अभ्यास कुणी पुरा करत नाही.

माझे तीन निघाले ते असे: एक लाडघरचं घर, एक कर्द्याचं (दोन्ही गावं आमच्याच दापोली तालुक्यातली), आणि तिसरं थेट रायगडच्या मुरुडातलं. माझ्या आळीतलं एकही नाही.

प्रोफाइल वाचायचं कसं

तिघांची प्रोफाइलं एकेक करून उघडा, आणि घाई करू नका. नावापासून सुरू करा. पाटीवर असतं तेच नाव प्रोफाइलवर असावं असा गूगलचा नियम आहे. तरी पुष्कळांनी नावातच 'बेस्ट एसी रूम्स नियर बीच' कोंबलेलं असतं. कुणी कोंबलंय ते लिहा, नक्कल करू नका, त्याबद्दल पुढे.

नावाखाली कॅटेगरी दिसते: होमस्टे, रिसॉर्ट, रेस्टॉरंट, अशी. ती मुख्य कॅटेगरी. आणखी नऊ जोडता येतात, पण त्या बाहेरच्याला सरळ दिसत नाहीत. माझी मुख्य कॅटेगरी काय होती सांगू? 'घर.' प्रोफाइल काढताना कुणीतरी पोराने पहिलं दिसलं ते निवडलेलं. माझा तो कर्द्याचा स्पर्धक 'होमस्टे' शोधला की वर का येतो, याचं निम्मं उत्तर मला त्या एका शब्दात मिळालं.

मग पिन, म्हणजे नकाशावरची जागेची खूण. नकाशा मोठा करून त्यांची पिन घराच्या छपरावर आहे की समुद्रात, ते बघा. कोकणातल्या पत्त्यांत घर नंबर नसतात, 'खालची पाखाडी, देवळामागे' असतं. त्यामुळे पिना भलतीकडेच बसलेल्या असतात. पाहुणे ज्याच्याकडे न चुकता पोचतात त्याने पिन नीट लावलेली असते, एवढं साधं आहे.

फोटोंमध्ये दोन गोष्टी बघायच्या: शेवटचा फोटो कधीचा, आणि पाहुण्यांनी टाकलेले किती. पाहुणे कशाचे फोटो काढतात हे फार बोलकं असतं. लाडघरच्या घरात खोल्यांचे फोटो मोजके, पण अंगणातल्या झोपाळ्याचे इतके की मला तो झोपाळा ओळखीचा वाटायला लागला. जुन्या फोटोंबद्दल मला बोलायचा अधिकार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या वाडीतले माड आणि पोफळी आडव्या केल्या, आणि माझ्या प्रोफाइलवर पुढची दोन वर्षं जुनी गर्द वाडी तशीच. एक आजोबा खुर्ची टाकायला सावली शोधत अंगणभर फिरले. बोलले काही नाहीत, पण मला कळलं.

वेळा, फोन, मेनू, वेबसाइट, वर्णन हे भराभर तपासा. वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे. पुष्कळांनी तिथे 'निसर्गाच्या सान्निध्यात' लिहून सोडलेलं असतं. ते वाचून कुणी गाडी काढत नाही.

रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघराची खिडकी

दोन तास कुठे घालवायचे असतील तर इथे घाला. तारे किती, सरासरी किती, हे सगळेच बघतात, आणि त्यातून फार काही कळत नाही. रिव्ह्यू 'नवीन आधी' असे लावा आणि शेवटचे तीस वाचा. पाच तारेवाले वरवर: "खूप छान, नक्की या." एक तारेवाले बहुधा चिडलेले असतात, त्यांचं अर्धं सोडून द्या. तीन आणि चार तारेवाले मात्र हळू वाचा. त्यांना जागा आवडलेली असते आणि काहीतरी खुपलेलंही असतं. ते नेमकं बोलतात.

वाचताना शेजारी वही. पानाच्या डाव्या बाजूला स्तुती, उजव्या बाजूला कुरकुर. तीच गोष्ट पुन्हा आली की नवी ओळ नाही, त्याच ओळीपुढे उभी रेघ. चार रेघा झाल्या की आडवी. क्रिकेटच्या धावफलकासारखं. माझ्या वहीत कर्द्याच्या पानावर उजवीकडे सर्वांत जास्त रेघा "जेवणाला उशीर" यापुढे पडल्या आणि त्याखाली "लाइट गेली, इन्व्हर्टर नाही". लाडघरच्या पानावर "गाडी लांब लावून सामान पाखाडीने (पायऱ्यांच्या वाटेने) उचलावं लागलं". रायगडच्या पानावर "ड्रायव्हरला झोपायला जागा नव्हती, तो गाडीत झोपला". आणि तिन्ही पानांवर डावीकडे एकच शब्द रेघांनी भरला: काकू. काकूंनी आग्रहाने वाढलं, काकूंनी सकाळी लवकर चहा दिला. खोलीतल्या टीव्हीचं कौतुक एकाही पानावर नव्हतं. त्याच महिन्यात मी तिसऱ्या खोलीला टीव्ही घ्यायला निघालो होतो.

मालक उत्तर देतो का, आणि कसं, हेही वाचा. तक्रारीला शांतपणे, चार ओळीत उत्तर देणारा माणूस हा खरा दमदार स्पर्धक. "तुम्ही खोटं बोलता" असं लिहिणाऱ्याची काळजी करू नका, तो स्वतःच पाहुणे पळवतो आहे.

शेवटची एक खूण. गूगल कधीकधी निकालातच नावाखाली लिहितं की अमुक शब्दाचा रिव्ह्यूंत उल्लेख आहे. 'उकडीचे मोदक' शोधलं तेव्हा लाडघरच्या घराखाली अशी ओळ आली. त्यांच्या प्रोफाइलवर मोदकांचं नाव कुठेही नाही. दोन पाहुण्यांनी लिहिलं तेवढंच. आमच्याकडे वर्षानुवर्षं मोदक खाऊन गेलेले लोक "टेस्टी फूड" लिहून गेले.

कोण कशामुळे पुढे आहे

आता प्रत्येक स्पर्धकापुढे तीनातलं एक कारण लिहायचं: मेळ, अंतर की नाव. पुळणीला लागून असलेला 'बीच टच'मध्ये पुढे राहणारच, ते अंतर आहे. तुमची वाडी रस्त्याच्या वरच्या अंगाला असेल तर ती हलणार नाही. पिन समुद्राकडे सरकवायची आयडिया कुणी देईल, ती ऐकू नका, पाहुणा शेवटी तुमच्याच दारात येऊन विचारणार आहे. मेळ म्हणजे कॅटेगरी, वर्णन, मेनू, रिव्ह्यूंतले शब्द. हे आपल्या हातातलं. नाव म्हणजे रिव्ह्यू किती आणि इतर ठिकाणी तुमचा उल्लेख किती. पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद आहे का, कुणी प्रवासी लेखात लिहिलंय का, स्पर्धकाचं नाव अवतरणात टाकून साधा गूगल शोध केलात की हे सापडतं. याला वेळ लागतो, एका सीझनात होत नाही. आणि पैसे भरून नकाशाखालच्या त्या पहिल्या तिघांत बसता येत नाही. तसं विकणारा फोन आला तर बोलणं आवरतं घ्या. मला असे फोन आंब्याच्या दिवसांत जास्त येतात.

लबाडी दिसली तर

दिसेलच. नावात कोंबलेले शब्द, एकाच आठवड्यात आलेले वीस पाच तारे, नसलेल्या जागेची पिन. मॅप्सवर कुणाच्याही प्रोफाइलला बदल सुचवता येतो, आणि मोठी फसवणूक असेल तर गूगलचा तक्रारीचा वेगळा फॉर्म आहे. परजिल्ह्यातल्या अनोळखी प्रोफाइलबद्दल मी तो भरलेला आहे. गावातल्याबद्दल नाही. उद्या त्याच्याच घरी बारशाला जायचं असतं; आधी चहाला बसवून सांगावं, "नाव जरा नीट कर, कधी प्रोफाइल बंद होईल." असं मी गावातल्या दोघांना सांगितलं, एकाने केलं.

स्वतः मात्र त्या वाटेला जाऊ नये. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत किंवा फुकट सोलकढीसुद्धा नियमात बसत नाही. माझ्या मेहुण्याने माझ्या भल्यासाठी एका रविवारी अख्ख्या कुटुंबाकडून रिव्ह्यू लिहवून घेतले. आठवड्यात सगळे गळाले, आणि त्यांच्याबरोबर एका खऱ्या पाहुण्याचाही.

बदल थोडेच, पण वहीतून निघालेले

एका वेळी तीन बदल, त्याहून जास्त केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. मी पहिल्या फेरीत केले ते हे. मुख्य कॅटेगरी 'होमस्टे' केली. वर्णनातलं निसर्गसान्निध्य काढून लिहिलं: गाडी दारापर्यंत येते, ड्रायव्हरला वेगळी खोली, इन्व्हर्टर आहे, दुपारी चारपर्यंत शाकाहारी जेवण, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितल्यास. प्रत्येक गोष्ट वहीतल्या कुठल्या तरी पानावरून निघालेली, आणि आमच्याकडे खरोखर असलेली. तिसरं, जाताना पाहुण्याला 'रिव्ह्यू द्या' म्हणण्याऐवजी 'काय आवडलं ते नावानिशी लिहा' म्हणायला लागलो. जबरदस्ती नाही, फक्त एवढंच वाक्य.

आणि बुकिंग झालं की पहिला मेसेज आता ठरलेला: पिन, आणि खाली "मुरुड, तालुका दापोली. जंजिऱ्याकडे जाऊ नये, जेवण थंड होईल."

जाता जाता आंबेवाल्यांसाठी एक. वरचं सगळं पाहुणा दारात येतो अशा धंद्याचं आहे. तुम्ही पेट्या पाठवत असाल तर हिशेब उलटा. पुण्यातला माणूस 'हापूस आंबा जवळ' शोधतो तेव्हा त्याला पुण्यातलीच दुकानं दिसतात, तुमची बाग कितीही जुनी असो. तिथे तुमचा स्पर्धक शेजारचा बागायतदार नसून पुण्यातला गाळेवाला आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केली असेल तर ते पहिल्या ओळीत लिहा, आणि त्या गाळ्यांचे रिव्ह्यू मेअखेर वाचा. "आत कच्चे निघाले", "रत्नागिरी सांगून दुसरंच दिलं", असं बरंच सापडेल. त्यावर उत्तर म्हणून पेटीत काय ठेवायचं ते तुम्हाला सुचेल.

पुन्हा कधी बघायचं

महिन्याने. तेच सहा शब्द, तीच भाची, गुरुवारची तीच वेळ. एखादं नाव एक जागा वरखाली झालं तर दुर्लक्ष करा. निकाल रोज थोडे हलतात. तिघांपैकी कुणी दोन वेळा लागोपाठ खाली गेला किंवा नवाच कुणी दहात आला, तर त्याचं प्रोफाइल पुन्हा उघडा. पावसाळ्यात बोटी बंद, पुळणीवर कुत्रं नाही, तेव्हाच्या निकालांवरून मेचे अंदाज बांधू नका. मेचं पान पुढच्या मेशी ताडायचं, दिवाळीचं दिवाळीशी. तोवर वही टिकायला हवी. आमच्याकडे आषाढात कपाटातल्या वहीलाही बुरशी धरते, म्हणून मी प्रत्येक पानाचा फोटो काढून भाचीला पाठवून ठेवतो. तिने अजून एकही उघडून पाहिलेला नाही.